कानाजवळची शेवरी

साक्री तालुक्यातल्या ब्राह्मणवेलच्या पठारावर आषाढात वारा क्षणाचीही उसंत घेत नाही. माथ्यावर पवनचक्क्यांची पाती फिरत असतात, खाली बाजरीचं कोवळं पीक एका अंगाला लवलेलं असतं आणि बांधाच्या कडेने कुणी तरुण कानात इअरफोन घालून घराकडे निघालेला असतो. धुळ्याहून त्याच्या भावाचा फोन येतो. दोन वाक्यं होतात न होतात तोच पलीकडचा आवाज चढतो : "काय बोली ऱ्हायना भाऊ? नुसता वारानाच आवाज ई ऱ्हायना!" इकडे यालाही भावाचं बोलणं घरघरीत बुडाल्यासारखं वाटतं. तो आवाज वाढवतो, हात कानावर धरतो आणि शेवटी वाऱ्याकडे पाठ करतो. पाठ करताच दोन्हीकडचं बोलणं एकदम मोकळं होतं.

या अर्ध्या मिनिटात त्याने तीन उपाय करून पाहिले. पहिला कानाला घातक होता, दुसरा अर्धवट होता आणि तिसरा बरोबर होता. तो बरोबर का ठरला, हे कळण्यासाठी आधी वाऱ्याची ओळख करून घ्यावी लागते. त्यासाठी खानदेशापेक्षा चांगली जागा शोधूनही सापडणार नाही.

वाऱ्याचा मुलूख

उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला सातमाळा-अजिंठ्याचे डोंगर आणि मधून पश्चिमेकडे वाहत जाणारी तापी, अशी या मुलखाची ठेवण आहे. मे महिन्यापासून पावसाळा सरेपर्यंत इथल्या उघड्या पठारांवरून पश्चिमेचा आणि नैऋत्येचा वारा जोरात वाहतो. म्हणून तर साक्री तालुक्यात पवनचक्क्यांची रांगच्या रांग उभी राहिली आणि धुळे जिल्ह्याची देशातल्या मोठ्या पवनऊर्जा क्षेत्रांत गणना होऊ लागली.

पवनचक्कीचं पातं वीज देऊ लागतं ते साधारणपणे सेकंदाला ३ ते ४ मीटर, म्हणजे ताशी ११ ते १४ किलोमीटर वेगाच्या वाऱ्यात. वाऱ्याची ताकद मोजणाऱ्या ब्यूफोर्ट मापनपट्टीवर याच सुमारास, म्हणजे ताशी १२ किलोमीटरच्या पुढे, झाडांची पानं आणि बारीक डहाळ्या सतत हलताना दिसतात. कानातल्या इअरफोनची घरघरही याच टप्प्यावर त्रास देऊ लागते. ताशी २० ते २८ किलोमीटरला जमिनीवरची धूळ आणि कागदाचे कपटे उडू लागतात. तोवर कानातलं बोलणं तुटक झालेलं असतं.

वेग दुप्पट झाला की त्रास दुपटीवर थांबत नाही, हा यातला खरा अडचणीचा भाग. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट तर दाब चौपट, आणि डेसिबलच्या भाषेत सुमारे १२ डेसिबलची वाढ. आता ताशी १५ किलोमीटरचा वारा सुटला आहे आणि माणूस ताशी ५ किलोमीटरने चालतो आहे असं समजा. समोरून वारा घेतला तर कानाला २० चा वारा लागतो आणि पाठीवर घेतला तर १० चा. वाट तीच, माणूस तोच, पण जातानाच्या आणि येतानाच्या घरघरीत १२ डेसिबलचं अंतर पडतं. पठारावरच्या त्या तरुणाने पाठ फिरवली तेव्हा त्याच्या डोक्याचा आणि खांद्यांचा आडोसाही इअरफोनच्या माइकला मिळाला.

शेजाऱ्याला ऐकू न येणारा आवाज

वाऱ्यात दोन माणसं खांद्याला खांदा लावून उभी असली, तरी एकाच्या कानातली घरघर दुसऱ्याला ऐकू येत नाही. ज्याची त्याची घरघर वेगळी असते, कारण ती दुरून चालत आलेली नसते. ती तिथेच, कानाच्या पाळीवर तयार होते.

मोकळा वारा गालावरून घसरत कानापाशी येतो. तिथे पाळी, तिच्या घड्या, कानाची वाटी आणि वाटीत बसवलेल्या इअरफोनच्या कडा त्याच्या वाटेत येतात. प्रत्येक कडेमागे हवेचे लहानमोठे भोवरे सुटतात. एक भोवरा दाब वाढवतो, दुसरा कमी करतो. हे चढउतार पडद्यापर्यंत पोहोचले की मेंदू त्यांना आवाज समजतो.

तारेवरून वारा गेला की ती का गुणगुणते, याचा अभ्यास चेक भौतिकशास्त्रज्ञ स्ट्रौहाल यांनी १८७८ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांचा हिशेब सोपा आहे : वारा जितका वेगवान आणि वस्तू जितकी बारीक, तितके भोवरे झपाट्याने सुटतात. २ मिलिमीटर जाडीच्या तारेवर सेकंदाला १० मीटर वेगाचा वारा आला, तर सेकंदाला सुमारे १००० भोवरे सुटतात आणि स्पष्ट शीळ ऐकू येते. कान सुमारे ६ सेंटिमीटरचा असतो. सेकंदाला ५ मीटरच्या वाऱ्यात त्याच्यामागे सेकंदाला १६-१७ मोठे भोवरे सुटतील. इतक्या खालच्या पट्टीत सूर उमटत नाही, धडधड उमटते. त्यात वाऱ्यातले मूळचे झोत आणि कानाच्या घड्यांमधले छोटे भोवरे मिसळले की जी तयार होते, ती आपल्या ओळखीची घरघर.

खालच्या पट्टीतला गोंगाट वरच्या पट्टीतले आवाज झाकून टाकतो, हा मानवी कानाचा स्वभाव आहे. म्हणून वाऱ्यात 'स', 'त', 'क' ही व्यंजनं आधी हरवतात आणि शब्दांचे नुसते स्वर उरतात. माणूस मग आवाजाची पट्टी चढवत राहतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादेनुसार आठवड्याला ४० तास ऐकायचं असेल, तर आवाज ८० डेसिबलच्या आत हवा. ९० डेसिबलला हीच मुभा आठवड्याला फक्त ४ तासांवर येते. वाऱ्यावर मात करायला चढवलेला आवाज ही शिदोरी दोन-तीन संध्याकाळींत संपवतो, आणि गेलेली श्रवणशक्ती परत मिळत नाही. त्या तरुणाचा पहिला उपाय घातक होता तो यामुळे.

बंद विमानातला शोध, उघड्या रानातली अडचण

भोवतालचा गोंगाट पुसून टाकणाऱ्या इअरफोनकडून लोकांच्या मोठ्या अपेक्षा असतात. जळगाव-धुळे एसटीत मागच्या बाकावर बसलेल्या प्रवाशाला त्यांचा उपयोगही होतो. इंजिनाची एकसुरी घुमणी ते जवळजवळ नाहीशी करतात. पण त्याच प्रवाशाने खिडकीची काच सरकवली की तेच महागडे इअरफोन साध्या इअरफोनपेक्षा जास्त घरघरू लागतात. खरेदी फसली की काय, असं त्याला वाटतं.

यंत्रात बिघाड नसतो. अडचण त्याच्या मूळ कल्पनेतच आहे. एका आवाजावर त्याच्या बरोबर उलटा आवाज सोडला की दोन्ही एकमेकांना मारतात, या कल्पनेवर जर्मनीच्या पॉल ल्यूग यांना १९३६ मध्ये अमेरिकेत पेटंट मिळालं. पुढे १९७८ मध्ये बंगाली वडिलांचे अमेरिकी पुत्र अमर बोस यांनी झुरिकहून परतताना विमानात मिळालेले हेडफोन कानाला लावले. इंजिनाच्या गोंगाटात संगीताची पार दशा झालेली पाहून त्यांनी त्याच प्रवासात या तंत्राची आकडेमोड मांडायला घेतली. पुढे त्यांच्या कंपनीने वैमानिकांसाठी असे हेडसेट बाजारात आणले. हे तंत्र वाढलं ते अशा बंद जागांत. तिथे गोंगाट असतो, वारा नसतो.

अशा इअरफोनच्या बाहेरच्या अंगाला एक बारीक माइक असतो. तो बाहेरचा आवाज टिपतो आणि आतला स्पीकर त्याचा उलटा आवाज वाजवतो. इंजिनाची घुमणी माइकपाशी आणि पडद्यापाशी जवळजवळ सारखीच पोहोचते, म्हणून वजाबाकी जमते. वाऱ्याचा भोवरा मात्र माइकच्या तोंडाशी जन्मतो आणि तिथेच विरतो, पडद्यापर्यंत तो जातच नाही. बिचारं यंत्र मात्र त्याला खरा आवाज समजून त्याचाही उलटा आवाज तयार करतं. आत खोडायला काहीच नसल्यामुळे तो उलटा आवाजच नवा गोंगाट होऊन कानावर आदळतो. बाहेरचं ऐकू यावं म्हणून माइकचा आवाज थेट कानात सोडणारी जी दुसरी सोय असते, तिचीही गत तीच.

म्हणून वारा असेल तिथे पहिलं काम एकच : गोंगाट पुसण्याची आणि बाहेरचं ऐकवण्याची, या दोन्ही सोयी बंद करून पाहणं. अनेक इअरफोनच्या अ‍ॅपमध्ये वाऱ्यासाठी वेगळी सोय असते, ती चालू केली की बाहेरच्या माइकवरची भिस्त कमी होते. एका पैशाचाही खर्च न होता निम्म्याहून अधिक त्रास इथेच मिटू शकतो.

केळीच्या बांधावरचा धडा

उरलेल्या त्रासासाठी साक्रीहून पूर्वेला, रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात जावं लागतं. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण या पिकाला वाऱ्याचं भय जन्माचंच. केळीचं खोड लाकडाचं नसतं, एकात एक गुंडाळलेल्या पानांच्या देठांचं ते बनलेलं असतं. मुळं उथळ, पानं शिडासारखी रुंद, आणि वर घडाचं ओझं. मे-जूनच्या एका वादळात रावेर, यावल, मुक्ताईनगरकडच्या उभ्या बागा आडव्या होतात. वर्षाची कमाई तासाभरात मातीत जाते.

शेतकरी यासाठी बांधावर शेवरी लावतो. कुठे गिरिपुष्प, कुठे बांबू, कुठे गजराज गवत. भिंत मात्र कुणी बांधत नाही, आणि त्यामागे खर्चाखेरीज भौतिकशास्त्राचंही कारण आहे. भरीव भिंतीवर आदळलेला वारा वर उसळतो आणि पलीकडे लगेच खाली कोसळून गरगरतो. भिंतीमागे शांतता मिळते ती थोड्याच अंतरापर्यंत, त्यानंतर उलट जास्त खळबळ. शेवरीची ओळ विरळ असते. ती थोडा वारा आतून जाऊ देते, पण पानापानांवर आपटून त्याचे मोठे झोत बारीक करते, त्याचा जोर काढून घेते. साधारण निम्मी मोकळी, निम्मी भरलेली अशी ओळ आपल्या उंचीच्या दहापट अंतरापर्यंत आणि त्याहीपुढे आडोसा देते.

आकाशवाणीच्या किंवा वाहिनीच्या वार्ताहराच्या माइकवर फोमची टोपी असते, चित्रीकरणात तर माइकवर केसाळ आवरण दिसतं. ही माइकची शेवरीच आहे. फोमच्या एका टोकाला वाऱ्याचा दाब वाढतो तेव्हा दुसऱ्या टोकाला तो घटलेला असतो. मधल्या बारीक छिद्रांतून जाताना हे चढउतार एकमेकांना खाऊन टाकतात. आवाजाचं तसं नाही. १०० हर्ट्झच्या आवाजाची एक लाट जवळजवळ साडेतीन मीटर लांब असते. मुठीएवढ्या फोमच्या सगळ्या बाजूंना ती एकाच वेळी भेटते आणि आत शिरते. म्हणून विरळ आवरणाआड वारा अडखळतो आणि बोलणं सुखरूप पोहोचतं.

जळगाव-धुळ्याच्या रस्त्यावर हे आवरण रोज दिसतं. पारा ४५ अंशांकडे झुकला की स्कूटीवरच्या मुली डोक्याभोवती स्कार्फ घट्ट गुंडाळतात आणि शेतकरी रुमालाने कान बांधतो. ते असतं उन्हासाठी, झळांसाठी. पण सुती कापडाचे एक-दोन पदर कानावरून गेले की पायी चालणाऱ्याच्या इअरफोनलाही त्याचा आडोसा मिळतो. थंडीत कानटोपी हेच काम करते. पथ्यं दोनच : कापड सैल फडफडू नये, कारण फडफडीचा आवाज घरघरीहून वाईट, आणि ते इअरफोनवर घासू नये, कारण प्रत्येक पावलागणिक खरखर होते. कापूस चांगला, नायलॉनचा चकचकीत स्टोल नको.

तळहाताने कान घट्ट दाबणं म्हणजे बांधावर भिंत घालणं. बोटांच्या फटींतून वारा शिट्या मारतो. त्यापेक्षा हाताची ओंजळ करून ती कानापासून बोटभर दूर, वाऱ्याच्या बाजूला धरली तर फरक कळतो. त्या तरुणाचा दुसरा उपाय अर्धवट राहिला तो इथे.

कानात नीट बसलं आहे का?

वाऱ्याला आत शिरायला फट मिळू नये, हे पुढचं काम. इअरफोनच्या डबीत लहान, मध्यम, मोठी अशी रबरी टोकं येतात. बहुतेक लोक मूळची बसवलेली तशीच ठेवतात आणि बाकीची कुठल्या तरी खणात हरवतात. दोन्ही कानांची भोकं सारख्या मापाची असतीलच असं नाही. एका कानाला मध्यम आणि दुसऱ्याला मोठं टोक लागणं अगदी स्वाभाविक आहे.

परीक्षा सोपी आहे. कानाची पाळी दुसऱ्या हाताने वर-मागे ओढून इअरफोन आत सरकवायचा आणि लांब 'ऊऽऽ' म्हणायचं. स्वतःचा आवाज डोक्यात घुमला तर टोक नीट बसलं. घुमला नाही तर फट आहे. खानदेशी उन्हात घामाने रबर निसटतं, तेव्हा दाबून धरणारी फोमची टोकं बरी पडतात. नीट बसलेल्या इअरफोनमध्ये स्वतःच्या पावलांचा धप-धप आवाज येतो, तो दोष मानू नये.

आकारही महत्त्वाचा. कानाच्या वाटीत सपाट मावणारा, कडा गोल असलेला इअरफोन कमी भोवरे सोडतो. बाहेर दांडी काढून बसणारा किंवा टोकदार कडांचा जास्त. वायरचे इअरफोन वापरणाऱ्यांना वायरवरच्या वाऱ्याची थरथरही ऐकू येते. वायर कानामागून वळवून शर्टाच्या आतून घेतली आणि गळ्यापाशी चिमट्याने अडकवली की ती थांबते.

दाणे आणि भुसा

ऐकण्याची सोय झाली, तरी पलीकडच्या माणसाला नीट ऐकू जाणं राहतंच. बोलणाऱ्याला आपल्या माइकवरचा वारा कळत नाही, त्यामुळे दोष नेटवर्कला दिला जातो.

जळगावजवळच्या आसोद्यात जन्मलेल्या बहिणाबाई चौधरींनी उपननीवर कविता रचली, तेव्हा खळ्यात वारा हवासा होता. उंचावरून धान्य सोडायचं आणि वाऱ्याने भुसा उडवून न्यायचा, दाणे खाली पडू द्यायचे. आजच्या इअरफोनमधल्या गणिताला उलटी उपननी करावी लागते : वारा हाच भुसा धरून काढायचा आणि बोलण्याचे दाणे राखायचे. त्यासाठी एका कानात दोन माइक बसवतात. तोंडातून निघालेला शब्द दोन्ही माइकांवर एकसारखा उमटतो. भोवरे इतके स्थानिक असतात की एका माइकवरचा भोवरा दुसऱ्याला ठाऊकही नसतो. दोघांत जुळतं ते बोलणं, जुळत नाही तो वारा. काही इअरफोनमध्ये हाडांतून येणारी आवाजाची कंपनं टिपणारा भागही असतो, आणि त्या कंपनांना वारा लागतच नाही.

गणिताला मर्यादा आहेत. वारा फार वाढला की भुशाबरोबर दाणेही उडतात आणि आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा होतो. अशा वेळी पाठ वाऱ्याकडे करणं, भिंतीच्या नाही तर झाडांच्या आडोशाला जाणं, किंवा फोन सरळ हातात घेऊन तोंडाजवळ धरणं जास्त भरवशाचं.

महामार्गावर वेगळा नियम

आतापर्यंतचं सगळं पायी चालणाऱ्यासाठी आणि मैदानात धावणाऱ्यासाठी आहे. गाडीवर बसलं की हिशेब बदलतो.

अमेरिकेत डेट्रॉइटच्या हेन्री फोर्ड रुग्णालयाच्या डॉक्टरांनी वायुबोगद्यात सायकलस्वाराच्या कानापाशी वाऱ्याचा आवाज मोजला. ताशी सुमारे १६ किलोमीटरला तो ८५ डेसिबलच्या आसपास होता आणि ताशी ९६ किलोमीटरला १२० डेसिबलपर्यंत चढला. इंग्लंडमधल्या बाथ विद्यापीठाच्या संशोधकांनी मोटारसायकलच्या हेल्मेटचा अभ्यास केला, तेव्हा हनुवटीखालची मोकळी जागा हा आवाजाचा एक मोठा उगम असल्याचं दिसलं. म्हणजे नुसत्या वाऱ्यानेच कानाचं नुकसान होऊ शकतं. त्यावर मात करायला गाण्याचा आवाज चढवणं म्हणजे नुकसानीत भर.

सुरत-नागपूर आणि मुंबई-आग्रा हे दोन महामार्ग धुळ्यात एकमेकांना छेदतात. रात्रंदिवस मालमोटारींची रांग असते. इथे इअरफोन जितका नीट बसलेला, तितका मागचा हॉर्न लांब. चांगल्या बैठकीचा जो गुण रानात सोयीचा, तोच इथे जिवावर बेतणारा. दुचाकीवर आणि सायकलवर दोन्ही कान मोकळे हवेत. फोन आलाच तर गाडी कडेला घ्यावी. नीट बसणारं हेल्मेट आणि हनुवटीखालून गुंडाळलेला रुमाल, एवढ्यानेही कानाला वाऱ्यापासून पुष्कळ आराम मिळतो. महामार्गाच्या कडेने पायी जातानाही वाहनांच्या बाजूचा कान उघडा ठेवावा, आणि रेल्वे रुळांजवळ तर दोन्ही.

जूनमध्ये रावेरकडे मृगबाग लावायला सुरुवात होते. केळीची रोपं जमिनीत जाण्याआधी किंवा त्यांच्याबरोबरच बांधावर शेवरीचं बी पडतं, कारण पुढच्या वादळापर्यंत ते माणसाच्या वर जायला हवं असतं. वर्षभराने घड भरलेले असतात, पश्चिमेकडून वारा सुटलेला असतो आणि शेतकरी बऱ्हाणपूरच्या व्यापाऱ्याशी फोनवर क्विंटलचा भाव बोलत बागेतून चालत असतो. उघड्या बांधावर त्याला एकच आकडा तीनदा विचारावा लागतो. शेवरीच्या ओळीआड पाच पावलं आत आला की तोच आकडा त्याला पहिल्यांदाच नीट ऐकू येतो.